वर गेलेला हात

सिडनी, 6 ऑक्टोबर 2019. ऑस्ट्रेलियाच्या रग्बी लीगचा अंतिम सामना. स्टेडियममध्ये ऐंशी हजारांहून जास्त प्रेक्षक. सिडनी रूस्टर्स 8, कॅनबेरा रेडर्स 8. शेवटची दहाएक मिनिटं उरली आहेत.

रेडर्स 1994 नंतर पहिल्यांदाच अंतिम फेरीत आलेत आणि चेंडू त्यांच्याकडे आहे.

या खेळात चेंडू असलेल्या संघाला सहा टॅकल, म्हणजे चेंडू घेऊन धावणाऱ्याला पाडण्याच्या सहा खेपा, मिळतात. सहाव्यांदा पाडलं की चेंडू समोरच्यांना द्यायचा. मधे प्रतिस्पर्ध्याचा हात चेंडूला लागला, तर मोजणी पुन्हा पहिल्यापासून.

रेडर्सनी चेंडू उंच मारला. हवेत झटापट झाली आणि चेंडू परत त्यांच्याच हाती आला. आता पंच बेन कमिन्स यांच्याकडे पाहा. त्यांचा हात वर गेला: पुन्हा सहा!

रेडर्सच्या जॅक वायटननं तो इशारा मानला. घाई न करता चेंडू घेऊन तो पुढे घुसला आणि त्याला पाडलं गेलं. तेवढ्यात पंचांनी निर्णय फिरवला होता. चेंडू रेडर्सच्याच खेळाडूला लागला होता, म्हणजे हा शेवटचा टॅकल. पण त्या गदारोळात कुणाला काय ऐकू जाणार?

चेंडू रूस्टर्सकडे गेला. थोड्याच वेळात लॅट्रेल मिचेल, डॅनियल टुपू, जेम्स टेडेस्को अशी चेंडूची धाव झाली आणि ट्राय, म्हणजे चेंडू रेडर्सच्या गोलरेषेपलीकडे टेकला! 14-8. सामना याच गुणांवर संपला.

दुसऱ्या दिवशी लीगचे अधिकारी ग्रॅहम ॲन्सली यांनी अंतिम निर्णय बरोबर ठरवला. चेंडू कुणाला लागला एवढाच प्रश्न असेल, तर ते मान्य आहे.

पण वायटनपुढे प्रश्न वेगळा होता. पंचांनी नो-बॉलचा हात दाखवला म्हणून फलंदाजानं बिनधास्त बॅट फिरवावी, झेल जावा आणि मग ‘नो-बॉल नव्हताच’ म्हणत त्याला बाद द्यावं, तसं हे झालं. शेवटचा टॅकल आहे हे माहीत असतं, तर वायटननं चेंडू पायानं मारला असता. ती संधी त्याच्याकडून रूस्टर्सनी हिसकावलेली नाही. पंचांच्या इशाऱ्यानं ती गेली.

काही जण म्हणतात, चुकीचा इशारा तसाच ठेवायला हवा होता. ते पटत नाही; मग रूस्टर्सवर अन्याय झाला असता. खेळ तिथेच थांबवून, दोन्ही संघांना सांगून, वायटनला तो शेवटचा टॅकल पुन्हा खेळू द्यायला हवा होता. नियमात तशी सोय नसेल, तर ती करायला हवी.

सामन्यातल्या सर्वोत्तम खेळाडूचं क्लाइव्ह चर्चिल पदक त्या रात्री हरलेल्या संघातल्या खेळाडूला मिळालं. जॅक वायटनला.