लिव्ह ऑफ द लँड: यातला ‘ऑफ’ नीट समजून घेऊया

नमस्कार मंडळी! परवा माझ्या वर्गातल्या एका मुलीने ‘दे लिव्ह ऑफ द लँड’ या वाक्याचं मराठी केलं, ‘ते जमिनीपासून दूर राहतात.’ तिने विचार करूनच लिहिलं होतं. ऑफ म्हणजे अलग, बाजूला, बंद, हेच आपण शाळेपासून घोकलेलं. पण इथे अर्थ नेमका उलटा आहे.

‘तो बापाच्या जिवावर जगतो’, हे इंग्रजीत कसं म्हणाल? ‘ही लिव्ह्ज ऑफ हिज फादर.’ आपला ‘जिवावर’ म्हणजे त्यांचा ‘ऑफ’. एवढं डोक्यात बसलं की काम झालं. लिव्ह ऑफ द लँड म्हणजे जमिनीच्या जिवावर जगणं. स्वतः पिकवायचं, रानातून खुडायचं, ओढ्यात धरायचं आणि तेच खायचं.

म्हणून सरसकट प्रत्येक शेतकऱ्याला हा वाक्प्रचार चिकटवू नका. ऊस कारखान्याला घालायचा आणि आलेल्या पैशातून ज्वारी आणायची, तर तिथे ‘ही मेक्स अ लिव्हिंग फ्रॉम फार्मिंग’ हे जास्त बरोबर.

मग लिव्ह ऑफ द लँड कुठे शोभतं? पावसाच्या तोंडावर कर्जतच्या बाजारात जा. कातकरी बायका शेवळं घेऊन बसलेल्या असतात. जांभळट कोंबांच्या जुड्या आणि शेजारी काकडांचे, म्हणजे आंबट रानफळांचे, छोटे वाटे. काकडं का? नुसती शेवळं खाल्ली तर घसा खाजतो, काकडांचा आंबटपणा ती खाज मारतो. कोणता कोंब कुठे उगवतो, कशासोबत शिजवायचा, कोणता कंद उकडून, धुऊन, कडूपणा काढल्याशिवाय तोंडात घालायचा नाही, हे त्यांना पाठ असतं. माझ्या मते या वाक्प्रचारात ही जाण धरलेलीच आहे. जमीन आपण होऊन कुणाला पोसत नाही.

संगणकाच्या सुरक्षेवर काम करणारेही हे शब्द वापरतात. हल्लेखोर स्वतःचं घातक सॉफ्टवेअर आणत नाही, विंडोजमध्ये आधीपासून असलेलं, संगणकाला हुकूम द्यायचं पॉवरशेल हे साधन वापरूनच काम साधतो. घरात शिरलेल्या चोराने आपलीच पहार उचलावी, तसं. म्हणून पकडायला अवघड.

आता या वाक्प्रचाराचा दुसरा चेहरा बघा, तो लष्करी आहे. १८६४ चा नोव्हेंबर, अमेरिकेतलं यादवी युद्ध. उत्तरेच्या बाजूचा जनरल शर्मन सुमारे ६० हजार सैनिक घेऊन अटलांटाहून निघाला आणि मागची रसद त्याने स्वतःच सोडून दिली. सव्हाना शहरापर्यंतची साडेचारशे किलोमीटरची वाट. हुकूम असा की, वाटेतल्या मुलखातून सढळ हाताने अन्न गोळा करा. मका, रताळी, कोंबड्या, डुकराचं खारवलेलं मांस. इतिहासाची पुस्तकं लिहितात, ‘द आर्मी लिव्ह्ड ऑफ द लँड.’ वाक्य किती साधं वाटतं! पण ती रताळी जमिनीने दिलेली नव्हती. कुणाच्या तरी कोठारातली, कुणाच्या तरी पोरांच्या हिवाळ्याची बेगमी होती ती.

हे शिकवताना मला दरवेळी शिवाजी महाराजांचं चिपळूणच्या छावणीतल्या अधिकाऱ्यांना गेलेलं पत्र आठवतं. पावसाळ्यासाठीचा साठा आत्ताच उधळलात तर पुढे लोक उपाशी मरू लागतील, मग कुणी कुणब्याचे दाणे आणील, कुणी भाकर, कुणी गवत, कुणी भाजी. तसं होता कामा नये. हवं ते बाजारात जाऊन विकत आणा.

हे पत्र इंग्रजीत सांगायची वेळ आली, तर मी त्यात ‘लँड’ हा शब्दच घालणार नाही. मी म्हणेन, ‘डू नॉट लिव्ह ऑफ द पीपल.’