खांद्यावरचे स्टार

पुणे, वानवडी. सकाळचे पावणेसात.

एएफएमसी, म्हणजे सशस्त्र दलांच्या वैद्यकीय महाविद्यालयाच्या आवारात गवतावर पडलेला हा 'जखमी' सराव करणाऱ्या विद्यार्थिनीचाच वर्गमित्र आहे. मांडीवर लाल रंग ओतलाय. ती टूर्निके, म्हणजे रक्त अडवायचा पट्टा, चढवते, दांडी पिळते, पट्टा करकचून आवळते. आता वेळ नोंदवायची. कागद शोधत बसायचं नाही. मार्कर काढायचा आणि थेट त्याच्या कपाळावर लिहायचं: टी, ०६४५. रक्त कधीपासून अडवलंय, हे पुढच्या डॉक्टरला न विचारता दिसलं पाहिजे. दोन तास उलटले की स्नायू मरायला लागतात. तो हसतोय. ती नाही.

पुण्यात स्त्री डॉक्टर म्हटलं की आपण आनंदीबाईंपाशी जातो आणि तिथेच थांबतो. युद्धावरच्या डॉक्टरणींची गोष्ट मात्र लांबून येते.

हा फोटो डॉ. एल्सी इंग्लिस यांचा. जन्म आपल्याकडचा, नैनितालचा. १९१४ साली, पहिल्या महायुद्धात, त्या मदत करायला गेल्या, तर ब्रिटिश युद्धखात्यानं त्यांना घरी बसायला सांगितलं. बाईंनी सगळ्या बायकांचीच पथकं उभी केली आणि फ्रान्स, सर्बिया गाठलं. १९१६ मध्ये त्याच खात्यानं स्वतःहून स्त्री डॉक्टर माल्टाला पाठवल्या. काम पुरुषांइतकंच, हुद्दा नाही. आता हुद्दाच नाही म्हटल्यावर वॉर्डातल्या शिपायानं ऐकायचं तरी का?

आपल्या आर्मी मेडिकल कोअरमध्ये स्त्री डॉक्टरांना नियमित कमिशन, म्हणजे अधिकाऱ्याचा हुद्दा, मिळालं १९५८ साली. इथं एएफएमसीत एमबीबीएस सुरू झालं ४ ऑगस्ट १९६२ ला, आणि अडीच महिन्यांत चीनचं युद्ध. १९६३ मध्ये दाखल झालेल्या मुलींपैकी दोघींची नावं लक्षात ठेवा. पुनिता अरोरा २००४ मध्ये याच कॉलेजच्या कमांडंट होऊन परतल्या, लष्करातल्या पहिल्या महिला लेफ्टनंट जनरल. पद्मा बंदोपाध्याय हवाई दलातल्या पहिल्या महिला एअर मार्शल. १९७१ च्या युद्धात त्या पंजाबात हलवारा तळावर होत्या. त्या कामगिरीबद्दल विशिष्ट सेवा पदक मिळालं.

२०२४ मध्ये तिन्ही दलांच्या वैद्यकीय सेवेच्या प्रमुखपदी याच कॉलेजच्या आरती सरीन आल्या.

कमिशनिंगचा दिवस. स्टार लावायला आईवडील मैदानात उतरतात. आईला पिन सापडत नाहीये. वडील वाकून गवतात बघतायत.

(निवेदन थांबतं. फक्त बँड.)