ओआरएसची पुडी अख्खी, पाणी एक लिटर!

नमस्कार मंडळी. पावसाळा लागला की तुमचा एकच प्रश्न येतो: "ताई, कॉलरा अजून आहे का हो?" आहे ना! जुलै २०२२ मध्ये मेळघाटात पाचडोंगरी, कोयलारीला साथ आली. कारण विहिरीचं दूषित पाणी.

बाकीचं भराभर सांगते. रोग्याच्या विष्ठेतून जंतू पाण्यात, पाण्यातून आपल्या पोटात. विहिरीत टीसीएल म्हणजे ब्लीचिंग पावडर, घरी पाणी खळखळून उकळायचं, हात साबणाने. तुरटीवाल्यांनो, तुरटीने गाळ खाली बसतो, जंतू मरत नाहीत. आणि गाडीवरच्या बर्फाचं पाणी कुठलं, ते आधी विचारा.

आता ओआरएसची पुडी, म्हणजे जुलाबात पाण्यात कालवून पाजायची मीठ-साखरेची पुडी. माझं मेडिकल आहे. काउंटरवर रोज ऐकते, "अर्धी ग्लासात टाकली, अर्धी संध्याकाळी." अहो, नाही! साडेवीस ग्रॅमची मोठी पुडी एक लिटर पाण्याची. अख्खी फोडा, अख्खी ओता. २०० मिलीची छोटीही मिळते, म्हणून पाकिटावर काय छापलंय ते वाचा.

का? आतड्यातून मीठ आणि ग्लुकोज जोडीनं आत जातात, पाणी त्यांच्या मागोमाग. हे प्रमाणात असेल तरच. दाट केलंत तर उलट अंगातलं पाणी आतड्यात ओढलं जातं आणि जुलाब वाढतात. एकाने लिहिलंय, "वरून दोन चमचे साखर घातली, ताकद येते." दादा, ताकद नंतर! आणि कोल्ड्रिंकमध्ये पुडी कालवणाऱ्यांना तर मी हात जोडते. साधं, स्वच्छ पाणी घ्या.

पुडी नसेल तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर, अर्धा सपाट चमचा मीठ. सपाट म्हणजे बोटाने कड पुसून. चमचा चहाचा, आमटीचा नव्हे. उरलेलं २४ तासांनी ओतून द्या.

"एवढ्याशा पुडीने काय होतं?" १९७१, पश्चिम बंगालमधलं बनगाव, बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांची छावणी, कॉलऱ्याची साथ. सलाईन संपत आलेलं. डॉ. दिलीप महालनबीस यांनी पिंपात मीठ-साखरेचं पाणी कालवून नातेवाइकांकरवी पाजलं. शंभरातले तीसेक दगावत होते, ते चारच्या खाली आले.

उलटी झाली तर दहा मिनिटं थांबा, मग चमच्या-चमच्याने पुन्हा. जुलाबात पाणी तोडायचं, असं सांगणाऱ्या काकूंना हा व्हिडिओ पाठवा. बाळाचं अंगावरचं दूधही चालूच ठेवायचं.

तांदळाच्या धुवणासारखे जुलाब, डोळे खोल गेलेले, लघवी बंद, चिमटीत धरलेली कातडी सावकाश बसतेय? मग घरी थांबू नका, सलाईन लागेल. गाडी बोलवा, आणि पेशंट शुद्धीत असेल, गिळत असेल, तर वाटेतही पाजत राहा.