लक्झरी गाडी विजेची की पेट्रोलची? खानदेशच्या उन्हातला हिशेब

मंडळी, २०१० साली कन्नडच्या घाटापलीकडे, तेव्हाच्या औरंगाबादेत, व्यावसायिकांनी एकत्र येऊन एकदम दीडशे मर्सिडीज गाड्या घेतल्या. महागडी गाडी फक्त मुंबई-पुण्यातच खपते, हा समज त्या दिवशी मोडला. त्या खरेदीदारांपुढे तेव्हा पेट्रोल की डिझेल एवढाच प्रश्न होता. आज जळगावचा सराफ, धुळ्याचा कारखानदार किंवा रावेरचा केळी व्यापारी शोरूममध्ये गेला की विक्रेता त्याच्यासमोर तिसरी गाडी उभी करतो, विजेची. मग घरी वाद सुरू होतो. मुलगा म्हणतो विजेची, वडील म्हणतात पेट्रोलची, आणि दोघांच्याही हातात सुविधांची लांबलचक यादी असते.

ती यादी आधी बाजूला ठेवा. तिच्यावरून हा निर्णय होत नाही, आणि याचा उत्तम दाखला बीएमडब्ल्यूने स्वतःच दिला आहे. जानेवारी २०२३ मध्ये कंपनीने भारतात ७४०आय ही पेट्रोलची आणि आय-७ ही विजेची गाडी एकाच वेळी आणली. दोघींचा सांगाडा एक, दारं एक, मागच्या सीटसमोर छतातून खाली येणारा ३१.३ इंची पडदाही दोघींत मिळतो. सीट थंड करायची सोय, मालिश, एअर सस्पेन्शन यांतही सांगण्यासारखा फरक नाही. एकीच्या बॉनेटखाली तीन लिटरचं सहा सिलिंडरचं इंजिन आहे, दुसरीच्या पायाखाली १०१.७ युनिट वापरता येणारी बॅटरी. खरा फरक तिथे आहे, आणि तो आपल्या भागात कसा वागतो ते तपासायला हवं.

आपला भाग म्हणजे काय, हे तुम्हाला सांगायला नको. मे महिन्यात भुसावळचा पारा ४५ च्या वर जातो. लिथियमच्या बॅटरीला माणसासारखंच साधारण १५ ते ३५ अंशांत बरं वाटतं. त्याहून जास्त उष्णतेत ती लगेच बिघडत नाही, पण आतली रासायनिक झीज वेगाने होते. म्हणून या वर्गातल्या सगळ्या गाड्यांत बॅटरीभोवती थंड द्रव फिरवतात आणि तो थंड करायला एसीच्याच यंत्रणेची मदत घेतात. आता दुपारी दोनला, रणरणत्या उन्हात, तुम्ही हायवेवर फास्ट चार्जरला गाडी लावलीत. चार्जिंगमुळे बॅटरी तापते, गाडीत बसलेली मंडळी एसी मागतात, आणि थंडावा पुरवणारा कॉम्प्रेसर एकच. अशा वेळी गाडी स्वतःला सांभाळण्यासाठी चार्जिंगचा वेग उतरवते. हा गाडीचा दोष मानू नका, तिचं शहाणपण माना. पण प्रवासाचं वेळापत्रक आखताना ते धरून चाला. आणखी एक पथ्य: उन्हाळ्यात बॅटरी शंभर टक्के भरून गाडी दिवसभर उघड्यावर ठेवू नका. भरलेली आणि तापलेली, ही बॅटरीची सगळ्यात वाईट अवस्था. रोजच्या वापराला ८० टक्के पुरे.

याच उन्हात विजेची गाडी एका बाबतीत पेट्रोलच्या फार पुढे आहे, आणि ते कुणी फारसं बोलत नाही. पेट्रोलच्या बहुतेक गाड्यांत एसीचा कॉम्प्रेसर इंजिनाच्या पट्ट्यावर फिरतो. रेल्वे फाटकावर किंवा बाजारपेठेच्या कोंडीत गाडी उभी राहिली की इंजिन मंदावतं आणि गारवाही कमी होतो. विजेच्या गाडीचा कॉम्प्रेसर स्वतःच्या मोटरवर चालतो, तो उभ्या गाडीतही पूर्ण ताकदीने काम करतो. निघण्याआधी दहा मिनिटं मोबाइलवरून एसी सुरू करा. गाडी घरच्या चार्जरला लावलेली असेल तर ती वीज भिंतीतून येते, बॅटरी तशीच राहते. बंद गॅरेजमध्ये पेट्रोलचं इंजिन असं चालू ठेवणं विषारी धुरामुळे जिवावर बेतू शकतं. घरात म्हातारी माणसं असतील तर ही एक सोय मालिशच्या दहा प्रकारांपेक्षा मोलाची आहे, असं माझं स्पष्ट मत आहे. काचेचं छत मात्र दोन्ही गाड्यांत विचार करून घ्या. युरोपात ऊन हवंहवंसं असतं म्हणून ते छत आलं. आपल्याकडे त्याला जाड पडदा आहे का, हे आधी बघा.

आता अंतर. गावोगावी पहिला प्रश्न हाच येतो: ‘एकदाव चार्ज करी ते कितली चालस भाऊ?’ माहितीपत्रकातला आकडा हे त्याचं उत्तर नव्हे. मर्सिडीजच्या ईक्यूएस ५८० या विजेच्या गाडीची भारतातली प्रमाणित रेंज ८५७ किलोमीटर आहे, बॅटरी १०७.८ युनिटची. हा आकडा खोटा नाही, पण तो ठरावीक चाचणीतला, संथ गतीचा आहे. ताशी शंभरच्या वेगाने, चार माणसं आणि पूर्ण एसी घेऊन निघालात तर अशा जड गाडीला शंभर किलोमीटरला २२ ते २४ युनिट धरा. म्हणजे १०१.७ युनिटची आय-७ साधारण सव्वाचारशे किलोमीटर जाईल. तळाची १५ टक्के बॅटरी राखून ठेवली तर हाती साडेतीनशेच्या आसपास उरतात. जळगाव-धुळे जाऊन-येऊन निश्चिंत. जळगावहून संभाजीनगर, तेही जाऊन-येऊन जमतं, आणि घाट उतरताना मोटर उलट काम करून थोडी वीज परत मिळवते. सुरतला जाताना जमेल, पण तिथे चार्ज करूनच निघावं लागेल. मुंबईला वाटेत एक थांबा घ्यावाच लागतो, आणि तो नाशिकला घ्यावा, जेवणही होतं.

थांबा किती वेळाचा, यातली एक गोष्ट शोरूममध्ये सांगत नाहीत. आय-७ १० वरून ८० टक्क्यांवर सुमारे ३४ मिनिटांत जाते असं कंपनी सांगते. खरं आहे, पण त्यासाठी चार्जर २०० किलोवॉटच्या घरातला हवा. आपल्या रस्त्यांवर ३० आणि ६० किलोवॉटचेच चार्जर जास्त भेटतात. सत्तर टक्के म्हणजे ७१ युनिट. ६० च्या चार्जरवर सव्वा तास, ३० वर जवळजवळ अडीच तास. गाडी कितीही भारी असली तरी चार्जर देईल तेवढीच वीज तिच्यात जाणार. म्हणून गाडी बघायला जाण्याआधी आपल्या नेहमीच्या रस्त्यावरचे चार्जर मोबाइलवर शोधा, त्यांचे किलोवॉट वहीत लिहून काढा आणि एकदा आहे त्या गाडीने जाऊन ते खरोखर चालू आहेत का, तिथे सावली आहे का, हे डोळ्यांनी बघून या.

पैशांचं बोलू. विजेच्या गाडीवर जीएसटी ५ टक्के, मोठ्या पेट्रोल गाडीवर सप्टेंबर २०२५ पासून ४० टक्के. त्याआधी सेस धरून ५० टक्क्यांपर्यंत जायचा. एवढी सवलत असून २०२३ मध्ये आय-७ ची सुरुवातीची किंमत १ कोटी ९५ लाख आणि ७४०आयची १ कोटी ७० लाख का होती? कारण आय-७ पूर्ण तयार होऊन बाहेरून यायची, तिच्यावर आयात शुल्क बसायचं. ७४०आय चेन्नईत जोडली जाते. उलट ईक्यूएस ५८० चाकणला जोडली गेली आणि २०२२ मध्ये १ कोटी ५५ लाखांना आली, म्हणजे मर्सिडीजच्याच एस-क्लासच्या पेट्रोल गाडीपेक्षाही स्वस्त. तेव्हा गाडी कुठे जोडली जाते हे विक्रेत्याला जरूर विचारा.

इंधनाची बचत? पेट्रोलची मोठी गाडी लिटरला नऊ किलोमीटर देते असं धरलं तर किलोमीटरला साडेअकरा रुपये पडतात. घरच्या विजेवर साधारण चार. वर्षाला १५ हजार किलोमीटर फिरलात तर लाखभर रुपये वाचले. चांगलंच आहे, पण दीड कोटीची गाडी कुणी लाखाच्या बचतीसाठी घेऊ नये. विजेची गाडी घ्यावी ती तिच्या चालीसाठी. ईक्यूएस ५८० चा ८५५ न्यूटन-मीटर टॉर्क, म्हणजे चाकं फिरवणारा जोर, पाय ठेवल्याक्षणी मिळतो, गिअर बदलल्याचा धक्का नाही, थरथर नाही. लांबच्या प्रवासात अंग दुखत नाही. पेट्रोलच्या एस-क्लासमध्ये शांतता इंजिनावर मेहनत घेऊन आणलेली असते आणि तीही फार सुंदर आहे. विजेच्या गाडीत ती मुळातच असते. याची किंमत वजनात मोजावी लागते. आय-७ तिच्या पेट्रोलच्या बहिणीपेक्षा पाचशे किलोंच्या आसपास जड आहे, त्यामुळे टायर लवकर झिजतात, आणि ते टायर गावातल्या दुकानात मिळत नाहीत.

भुसावळजवळच्या दीपनगरच्या औष्णिक वीज केंद्राच्या धुराबद्दल मला नेहमी विचारतात: कोळशाच्या विजेवर गाडी चालवून काय साधलं? प्रश्न योग्य आहे. सगळी वीज कोळशाचीच धरली तर एवढ्या जड गाडीचा कार्बन पेट्रोलच्या गाडीजवळच जातो. पण ग्रीडमध्ये, म्हणजे विजेच्या सामाईक जाळ्यात, साक्री तालुक्यातल्या सौर प्रकल्पाचं ऊन आणि ब्राह्मणवेलच्या पवनचक्क्यांचा वाराही असतो. आणि तुमच्या घराच्या गच्चीवर पाच किलोवॉटचं सोलर असेल तर दिवसाला वीसेक युनिट, म्हणजे ऐंशी-नव्वद किलोमीटर, तुमच्याच उन्हातून निघतात. ज्या उन्हाने आपण हैराण होतो त्यावर गाडी चालावी, ही मला मनापासून आवडणारी गोष्ट आहे. घरी थ्री-फेज जोडणी, मंजूर भार वाढवलेला आणि अर्थिंग चोख, एवढं मात्र आधी करून घ्या. आपल्या काळ्या जमिनीला उन्हाळ्यात भेगा पडतात आणि अर्थिंगचा खड्डा कोरडा होतो. त्यात पाणी सोडत राहावं लागतं, नाहीतर चार्जर दोष दाखवून बंद पडतो.

मग कुणी काय घ्यावं? घरी दुसरी गाडी आहे, स्वतःचं अंगण आहे, रोजचा फेरा जळगाव-भुसावळ-धुळे एवढा आहे, त्यांनी विजेची घ्यावी, बिनधास्त. केळीचा व्यापारी, रात्री अकराला फोन आला की सुरतला किंवा इंदूरला निघतो, घरात मोठी गाडी एकच: त्याने आज पेट्रोलचीच घ्यावी, आणि यात कमीपणा काही नाही. टेस्ट ड्राइव्ह मात्र दोघांनीही मे महिन्यात, भर दुपारी, मागच्या सीटवर बसून घ्यावी.