वेळूच्या पेरातला सूर

श्रोतेहो, नमस्कार.

फुंकून वाजवायच्या वाद्यासाठी लागणारी नळी निसर्गात आधीच तयार असते. आपल्याला ती फक्त योग्य जागी कापावी लागते. जर्मनीतील होले फेल्स या गुहेत २००८ साली गिधाडाच्या हाडाची, पाच छिद्रांची बासरी सापडली. ती पस्तीस हजार वर्षांहून जुनी आहे. पक्ष्याचे हाड मुळातच पोकळ आणि हलके असते, तेव्हा ती घडवणाऱ्याचा हात त्याच हाडाकडे का गेला असेल, हे सहज समजते. आज आपण हाडाऐवजी वेळू घेणार आहोत आणि छिद्रांच्या भानगडीत अजिबात पडणार नाही, कारण माझ्या मते नवशिक्याने बासरीपासून सुरुवात करणे म्हणजे निराशेला आमंत्रण आहे. एक टोक बंद असलेली साधी नळी पुष्कळ शिकवते.

वेळूच्या दोन गाठींमधल्या भागाला आपण पेर म्हणतो. आतला व्यास एक ते दीड सेंटिमीटर असेल असा वेळू निवडावा, आणि तो सावलीत, घाई न करता वाळवावा. मी केलेली पहिली नळी लवकर वाळावी म्हणून उन्हात ठेवली होती. संध्याकाळी पाहिले तर तिला या टोकापासून त्या टोकापर्यंत केसाएवढी चीर गेलेली होती, आणि एवढ्याशा चिरेतून हवा निसटत असल्याने तिच्यातून नुसती फुसफुस ऐकू येत होती. वाळलेला वेळू बारीक दातांच्या करवतीने, फिरवत फिरवत कापावा. एका बाजूने सरळ दाबून कापल्यास शेवटच्या क्षणी सालीचा लांबलचक तुकडा सोलून निघतो. कापताना एका टोकाची गाठ जशीच्या तशी राहू द्यावी, कारण तोच आपल्या नळीचा तळ आहे. उघड्या टोकाची कड कानशीने सपाट करावी आणि आतला पापुद्रा काडीला गुंडाळलेल्या पॉलिश कागदाने खरवडून काढावा.

आता नळी उभी धरून तिची कड खालच्या ओठाला टेकवावी आणि ओठ जवळ आणून, बारीक फट ठेवून, समोरच्या कडेवर फुंकर सोडावी. फुंकर नळीत घालायची नसते. ती त्या कडेवर आपटली पाहिजे. तेथे हवेचा झोत क्षणात आत, क्षणात बाहेर असा हेलकावे खाऊ लागतो आणि नळीतली हवा त्याच्या तालात कंप पावते. आवाज येतो तो या हवेचा, वेळूचा नव्हे, आणि म्हणून सूर ठरतो तो मुख्यतः आतल्या पोकळीच्या लांबीवर. बंद नळीतल्या ध्वनिलहरीची लांबी नळीच्या साधारण चौपट असते. हवेत ध्वनी सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो, तेव्हा आतून १७ सेंटिमीटर खोल असलेली नळी सेकंदाला पाचशेच्या आसपास कंपने देते.

या नळीला षड्ज मानले, तर भूप रागाचे पाच स्वर अशाच नळ्यांतून मिळवता येतात. ऋषभाची नळी षड्जाच्या आठ नवमांश, गंधाराची चार पंचमांश, पंचमाची दोन तृतीयांश आणि धैवताची तीन पंचमांश. मात्र उघड्या टोकाबाहेरची थोडी हवाही कंपनात सामील होत असल्यामुळे आखूड नळ्या या हिशेबापेक्षा एकदोन मिलिमीटर कमी ठेवाव्या लागतात, म्हणजे अंदाजे १५, १३.५, ११.२ आणि १० सेंटिमीटर. प्रत्यक्षात मी प्रत्येक नळी अर्धा सेंटिमीटर जास्त कापतो आणि मग कड घासत घासत सूर चढवत नेतो, कारण कापलेला वेळू पुन्हा जोडता येत नाही. घासण्याचा कंटाळा असेल तर तळाशी वितळवलेले मेण थेंबाथेंबाने सोडावे. पोकळी उथळ होते तसा सूर वर चढतो. नळी चुकून आखूड झाली असेल, तर मात्र तिच्यापुरता उपाय नाही. तिला वरच्या स्वरासाठी बाजूला ठेवावे.

सूर जुळवताना आधी मिनिटभर वाजवून नळी तापू द्यावी. हवा दहा अंशांनी तापली की सूर जवळजवळ एक तृतीयांश अर्धस्वराने चढतो, आणि थंड नळीवर जुळवलेला संच वाजवता वाजवता बेसूर झाल्यासारखा वाटतो. सगळ्या नळ्यांची उघडी तोंडे एका रेषेत ठेवून, लांबीच्या क्रमाने, दोन आडव्या काड्यांच्या मध्ये सुतळीने घट्ट आवळाव्यात. वाजवून झाल्यावर आत ओलावा साचतो, तेव्हा संच उलटा धरून झटकावा आणि तोंडे खाली करून रात्रभर टांगून ठेवावा. दुसऱ्या दिवशी सकाळी एकदा पंचम वाजवून पाहावा. मेण नीट बसले नसेल तर ते तेथेच कळते.