लाल शाईचा गोल

(मेडिकल चौक, सकाळ. ऑटोंची गर्दी.)

भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, इकडून छिंदवाडा, बालाघाट. मोठं दुखणं निघालं की माणसं नागपूरला येतात आणि ऑटोवाल्याला म्हणतात, 'मेडिकलला सोडा.' मेडिकल म्हणजे इथलं सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय. या गर्दीतले काहीजण एआरटी केंद्राकडे, म्हणजे एचआयव्हीची औषधं देणाऱ्या केंद्राकडे वळतात. एचआयव्हीची औषधं देशात 2004 पासून सरकारी केंद्रांवर मोफत मिळू लागली. आता बहुतेकांना रोज एकच गोळी. ती नियमित घेतली की रक्तातला विषाणू इतका कमी होतो की विषाणू मोजायच्या तपासणीत सापडत नाही.

गोळीचा प्रश्न बराचसा सुटला. अडतं ते दुसरीकडे.

(पाठमोरी बाई. हातात प्लास्टिकची पिशवी.)

काटोलकडच्या या ताई. चेहरा दाखवायचा नाही, एवढी एकच अट. पित्ताशयात खडे निघाले. एका खासगी रुग्णालयात ऑपरेशनची तारीख मिळाली, रक्त तपासलं, रिपोर्ट एचआयव्ही पॉझिटिव्ह, आणि केस पेपरच्या कोपऱ्यात लाल शाईनं गोल आला.

(गोल, जवळून.)

खाली काही लिहिलेलं नाही. तरी सफाईच्या मावशींपासून ऑपरेशन थिएटरमधल्या ब्रदरपर्यंत सगळ्यांना तो वाचता येतो. ताईंचा नंबर आधी लिस्टमध्ये शेवटी गेला. मग निरोप आला, दुर्बिणीची मशीन बंद आहे, मेडिकललाच जा.

ताई म्हणतात, 'नाई म्हटलं असतं तं समजलं असतं. मशीन कायले मधात आणली?'

(प्रशिक्षणाचा हॉल. टेबलावर हातमोजे, सुया.)

आता या सिस्टरचे हात पाहा. हातमोजे घातले. रक्त घेतलं. सुईवर टोपण परत बसवलं नाही. सुया बऱ्याचदा तिथंच टोचतात. सुई कटरमध्ये कापली, धातूचा तुकडा पांढऱ्या, न भोसकणाऱ्या डब्यात. सांडलेल्या थेंबावर हायपोक्लोराइट, म्हणजे जंतुनाशक. हे सगळं प्रत्येक पेशंटसाठी, रिपोर्ट काहीही असो. कारण ज्याचा रिपोर्टच नाही, किंवा लागण इतकी ताजी की तपासणीत अजून दिसत नाही, त्याच्या कोपऱ्यात गोल कोण काढणार? गोल पाहून सावध होणारा हात बाकीच्या पेशंटपाशी बेसावध राहतो.

आणि टोचलीच तर? साबण-पाण्यानं धुवायचं. बोट पिळायचं नाही, तोंडात तर मुळीच घालायचं नाही. लगेच कळवायचं. प्रतिबंधक औषध जमलं तर दोन तासांत, उशिरात उशिरा 72 तासांच्या आत सुरू करायचं आणि 28 दिवस घ्यायचं. उपचार न घेतलेल्या पेशंटची सुई टोचली, तर औषध न घेताही एचआयव्हीची लागण साधारण हजारात तिघांना होते. पेशंटला कावीळ बी (हिपॅटायटिस बी) असेल आणि आपण लस घेतली नसेल, तर त्या काविळीचा धोका शंभरात तीसपर्यंत जातो. लस कोणकोण घेतलीय, असं सिस्टरनं विचारलं.

(हॉल. हात वर. सगळे नाहीत.)

रात्रपाळीत ग्लोव्हज संपतात, हे याच हॉलमध्ये ऐकलं आणि ते खरं आहे. पण त्याचा जाब खरेदी विभागाला विचारायचा. एचआयव्हीचा 2017 चा कायदा 10 सप्टेंबर 2018 पासून लागू आहे. संमतीशिवाय तपासणी नाही, परवानगीशिवाय वाच्यता नाही, उपचार नाकारणं नाही, हे त्यात आहेच. कर्मचाऱ्यांना संरक्षणाची साधनं आणि टोचल्यानंतरचं औषध पुरवणं हेही त्याच कायद्यानं मालकावर टाकलंय. वीस किंवा जास्त माणसं असलेल्या रुग्णालयात तक्रार अधिकारी हवा. ताईंना असा कोणी असतो, हे आमच्याकडून कळलं.

(मेडिकलचा जिना. ताई उतरताना.)

ऑपरेशन शेवटी मेडिकलला झालं. मधल्या काळात दुखणं उसळलं, मजुरी बुडाली, भावजयीला कळलं.

आता दाढ दुखतेय. दातांच्या डॉक्टरांना सांगायची कायद्यानं सक्ती नाही. सांगितलं तर बाकीची औषधं जुळवून देता येतात, म्हणून ताईंना सांगायचं आहे. अपॉइंटमेंट अजून घेतलेली नाही.