नाव घातलेली ताटं

नमस्कार श्रोतेहो.

मुंबईतलं गिरणगाव म्हटलं की कापडगिरण्यांचे भोंगे आठवतात, धुराडी आठवतात, १८ जानेवारी १९८२ ला डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुरू झालेला गिरणी कामगारांचा संप आठवतो. अडीच लाखांच्या आसपास कामगार त्यात उतरले होते. पण बायकामुलं गावी ठेवून आलेले, एकेका खोलीत पाळीपाळीने झोपणारे हे गडी जेवत कुठे होते? चाळीतल्या बायांकडे. त्यांतलीच एक माझी आई. यंदा पावसाच्या तोंडावर ती गेली. आज तिच्याविषयी बोलायचं आहे.

लग्न होऊन ती रत्नागिरीकडून डिलाईल रोडच्या बीडीडी चाळीत आली. वडील गिरणीत, कापडखात्यात. एका पगारात भागेना म्हणून तिने खाणावळ सुरू केली. खोली १६० चौरस फुटांची. तीत आम्ही भावंडं, आजी, आणि जेवायला येणारी माणसं. पहिली पाळी सकाळी सातची, म्हणून स्टोव्ह पहाटेच पेटायचा. दुसऱ्या पाळीचे लोक मध्यरात्री सुटून यायचे, तोवर ती जागी. मटकीची उसळ, भाकऱ्या, बुधवारी-रविवारी बांगड्याचं कालवण. कोणाला तिखट चालत नाही, कोणाला भाकरी करपूस लागते, सगळं तिच्या डोक्यात.

माणसं पगार झाला की पैसे देत, वाण्याला मात्र आधी द्यावे लागत. मधल्या दिवसांत सावकार गाठायचा, मंगळसूत्र गहाण ठेवायचं. १९७५ मध्ये कामगार चळवळीतल्या प्रेमाताई पुरवांनी अशा खाणावळवाल्या बायांसाठी अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं. बायांनी गट करून एकमेकींना जामीन राहायचं, मग बँक कर्ज देणार. कागदावर सही हवी, म्हणून आई परातीतल्या पिठात बोटाने आपलं नाव गिरवायला लागली. पहिली सही करून आली त्या दिवशी तिने आम्हा सगळ्यांना शिरा केला होता. सावकाराचं दार सुटलं ते तेव्हा.

मग संप. सुरुवातीला माणसं म्हणायची, "वहिनी, पगार सुरू झाला की सगळं फेडतो." तिने वाढणं थांबवलं नाही. डाळ पातळ झाली, भाकरी लहान झाली, पण ताट कोणाचं मागे घेतलं नाही. आमच्याही घरात पगार बंदच होता, हे ध्यानात घ्या. संपाची किंमत मोजताना या बायांच्या बुडालेल्या उधाऱ्याही मोजायला हव्यात, असं मला फार तळमळीने वाटतं.

महिने लोटले तसे एकेक जण गावाकडे निघाले, कोकणात, घाटावर. द्यायला पैसे नव्हते, म्हणून काहींनी आपली पितळी ताटं तिच्यापाशी ठेवली. काठावर नाव आणि गाव घातलेलं. "सोडवून नेतो," म्हणाले. बहुतेकांना परत येता आलं नाही. पुढे ओढगस्तीचे दिवस आले तरी तिने ती ताटं मोडीत घातली नाहीत. दर दिवाळीला चिंचेने घासायची.

माझ्या मुलांनी या ताटांवरचीच नावं वाचून दाखवायची आणि आजीने माणूस सांगायचा. "हा? पोटाचा हलका होता गं, ताक मागायचा." "याच्या बायकोचं पत्र आलं की याला जेवण जात नसे." चेहरे ती शेवटी-शेवटी विसरली होती, कोणाला काय लागतं ते नाही. मुलांना गिरणगाव कळलं ते असं.

श्रोतेहो, ती ताटं आज माझ्याकडे आहेत. तुमचे वडील किंवा आजोबा डिलाईल रोडला गिरणीत असतील, बीडीडीतल्या एखाद्या वहिनींकडे जेवत असतील, तर या कार्यक्रमाच्या पत्त्यावर त्यांचं नाव आणि गाव कळवा. ताट निघालं तर येऊन घेऊन जा. उधारी काही राहिलेली नाही, ती आईने कधीच सोडून दिली होती.

नमस्कार.